चोबेवर गेलेल्या दोघी

माझी मैत्रीण माझी दुर्बीण मागायला आली, तेव्हा मी कणीक भिजवत होते. ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "चोबेचं बुकिंग झालं गं. सप्टेंबरचा सेकंड वीक." मला इतका आनंद झाला की हात कणकेत तसेच राहिले. ऑफिसात सुट्टी कशी मागायची, मुलाला युनिव्हर्सिटीत सोडायला जायचं ते त्याच्या आधी की नंतर, असं सगळं मी मनात जुळवायलाही लागले. मग ती म्हणाली, "तुझी दुर्बीण देशील ना? आमच्या दोघींत एकच आहे, तीही धड नाही."

दोघी म्हणजे ती आणि तिच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी नागपूरची मुलगी.

"देईन की. त्यात काय विचारायचं!" मी म्हटलं. त्या दिवशी कणकेत पाणी किती ओतलं याचं मला भान राहिलं नाही. संध्याकाळी सगळ्यांनी भातच खाल्ला.

चोबे ही आफ्रिकेतली नदी, बोट्स्वाना आणि नामिबिया यांच्या सीमेवरून वाहणारी. कोरड्या दिवसांत आसपासचे पाणवठे आटतात आणि हत्ती, रानम्हशी, हरणं सगळी या एका पाण्यावर उतरतात. ते बघायला जीपमध्ये बसून धूळ खायची गरज नसते. चपट्या बुडाच्या बोटीतून काठाकाठाने जायचं, बोटवाला इंजिन बंद करतो, आणि सोंडा वर धरून पोहणारे हत्ती समोरून पैलतीराला जातात. हे सगळं माझ्या मैत्रिणीला कोणी सांगितलं? मी. महिना कोणता निवडायचा, बोट लहान का घ्यायची, सकाळी कुठल्या बाजूला बसलं म्हणजे ऊन डोळ्यावर येत नाही, सगळं मी. आणि बोटीत जाऊन बसली कोण, तर ती नागपूरकरीण. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

मूळ बेत आमच्या चौघांचा होता. ती, तिचा नवरा, मी आणि माझा नवरा. आम्ही दोघी इंग्लंडात, मेडनहेडला साधारण एकाच सुमारास आलो, मुलं एकाच प्रायमरी स्कूलमध्ये घातली, एकीचा डबा दुसरीच्या घरी कायम पडलेला. चौघांनी पन्नाशी आफ्रिकेत साजरी करायची असं ठरलं होतं. मग तिचा नवरा गेला. फेब्रुवारीतली साधी सकाळ, कचऱ्याची गाडी येऊन गेलेली, आणि तो जिन्यात बसला तो उठलाच नाही. तिची मुलगी तेव्हा नुकती नोकरीला लागून नॉटिंगहॅमला गेली होती. तिला फोन मी केला.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या घरात सख्ख्या बहिणीसारखी राबले. जीपी डॉक्टर, बँक, कौन्सिलचे फोन, तिचं जेवण, तिचं न जेवणं. तिच्या घराची किल्ली माझ्या जुडग्यात असायची. हे मी उपकार म्हणून सांगत नाहीये. तिची मैत्रीण म्हटलं की मेडनहेडच्या मराठी मंडळींत सगळे माझ्याकडे बघायचे, आणि ते मला आवडायचं.

तिला रडायला जागा नव्हती. घरात रडली तर व्हिडिओ कॉलवरचे पुण्याचे नातेवाईक आणखी रडायचे, आणि नदीकाठच्या वाटेने चालायला जावं तर मंडळातलं कोणी ना कोणी भेटून 'कशी आहेस' विचारायचं. म्हणून मी तिला बोटीत न्यायला लागले. आमच्याकडे थेम्सवर छोट्या विजेच्या बोटी तासाच्या भाड्याने मिळतात. एका शनिवारी तसली एक घेतली, लॉकच्या, म्हणजे नदीतल्या पाणी अडवणाऱ्या दरवाजांच्या, वरच्या अंगाला जिथे काठावर नुसती झाडी आहे तिथे नेली आणि मोटर बंद केली. बोट आपोआप वाहत राहिली. ती रडली. मी तिच्याकडे बघितलं असतं तर ती थांबली असती, म्हणून मी पक्ष्यांकडे बघत बसले. मग तो आमचा रिवाजच झाला. थंडी नसेल त्या शनिवारी बोट, मोटर बंद, बोलणं बंद. पुढेपुढे ती डोळे पुसून विचारायला लागली, "तो कुठला गं?" मग मी तिला शिकवलं. हा खंड्या, हा पाणकावळा, ती तुरेवाली पाणडुबी बघ, पिल्लांना पाठीवर घेऊन फिरतेय. "ही चोबेची प्रॅक्टिस," मी म्हणायचे. "आता आपण दोघीच जाऊ."

पहिल्या उन्हाळ्यात माझ्या मुलाची ए-लेव्हलची परीक्षा आली. दुसऱ्या उन्हाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आणि त्यांच्या गुडघेदुखीने पार उचल खाल्ली. दोन्ही वेळा तीच म्हणाली, "राहू दे गं, पुढच्या वर्षी जाऊ." मी तिच्या शब्दावर निर्धास्त होते.

नागपूरकरीण मध्येच उगवली. रेडिंगला कुठल्याशा कंपनीत डेटाचं काहीतरी करते, वय तिशीचं, हसली की शेजारच्या घरात ऐकू जातं. लग्न दीड वर्षात मोडलेलं, आणि ते ती बाहेर पाऊस आहे हे सांगावं तितक्या सहज सांगायची. माझ्या मैत्रिणीला ती 'ताई' म्हणते आणि मला 'काकू'. आम्ही दोघी एका वयाच्या आहोत! मी एकदा हसत हसत तसं म्हटलंही, तर म्हणाली, "पण काकू, तुम्ही काकूच वाटता ना, किती छान सांभाळता सगळ्यांना." यावर माणसाने काय बोलावं? एका शनिवारी मैत्रीण तिलाही बोटीवर घेऊन आली. ही बया पूर्ण वेळ बोलत होती. पाण्यावर जे जे तरंगतं ते तिच्या लेखी बदक. पाणकावळ्याला बदक म्हणाली, आणि माझी मैत्रीण हसली. गाढवाला गुळाची चव काय, असं मला वाटलं. पण मैत्रीण हसली हे मला जास्त लागलं, कारण त्या बोटीत ती त्याआधी कधी हसली नव्हती.

असो. मी दुर्बीण दिली. वर काचा पुसायचं कापड दिलं, टोपी कोणती न्यायची ते सांगितलं, "बोटीत उभं राहू नका हं" असं दोघींना बजावलं. नवरा म्हणाला, "तू इतकी गोड बोलायला लागलीस की मला भीती वाटते."

त्या गेल्या आणि व्हॉट्सअ‍ॅप सुरू झालं. सकाळच्या बोटीवरून परत आल्या की लॉजच्या वायफायवरून फोटो आणि व्हॉइस नोट. मी त्या ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये ऐकायचे. "अगं, हा आवाज ऐक, पाणघोडा! आमच्या बोटीच्या इतका जवळ!" आणि मागून खरंच तो घोगरा, हसल्यासारखा आवाज. त्याच्या मागून नागपूरकरणीचं हसू. मी लिहायचे, "जांभई देतोय म्हणजे चिडलाय, बोटवाल्याला मागे घ्यायला सांगा." तिने मगरीचा फोटो पाठवला, 'केवढा आ वासलाय बघ!' मी लिहिलं, "अंग थंड करायला तोंड उघडं ठेवतात." तिने पांढऱ्या डोक्याचा, मासा पकडलेला पक्षी पाठवला, खाली 'घार'. मी लिहिलं, "मत्स्यगरुड." यावर उत्तर नाही, नुसता अंगठा. नवरा म्हणाला, "किती उंटावरून शेळ्या हाकशील? बघू दे की त्यांना."

मी जळत होते. दुसरा शब्द नाही त्याला. कार्डिगन घालून ट्रेनमध्ये उभी राहून मी एका विधवा बाईवर जळत होते, जिचा नवरा जिन्यात गेला, जिच्या घरात मी दोन वर्षं डबे पोचवले. ती आनंदात राहावी म्हणून मी किती नवस बोलले असतील. ती आनंदात होती, आणि तिथे मी नव्हते. मला वाटायचं, एक दिवस तरी तिथे पाऊस पडावा. सप्टेंबरात तिथे पाऊस पडत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण तो महिना मीच निवडला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये मी सँडविच खात होते आणि फोटो आला. माझी मैत्रीण बोटीच्या पुढच्या भागात बसलेली, लाइफ जॅकेट, गळ्यात माझी दुर्बीण, मान मागे टाकून खदखदून हसतेय. मागे काठ, काठावर आडवं वाढलेलं झाड. मी सवयीने फोटो मोठा करत गेले. झाडाच्या खालच्या फांदीवरून काहीतरी लोंबत होतं. वेल म्हणावी तर टोकाला वळण. आणखी मोठा केला, तर पानांआड ठिपके. बिबट्या! फांदीवर अंग टाकून पडलेला, तोंड त्यांच्याकडे वळवलेला. खाली फोटोबरोबर लिहिलं होतं, 'आज फक्त हरणं आणि माकडं. उद्या सकाळी परत याच वळणावर येणार आहोत, इथे शांत आहे.'

त्यांना दिसलाच नव्हता. चोबेवर बोटीतून बिबट्या दिसायला नशीब लागतं. लोक तीनतीनदा जाऊन हात हलवत परत येतात. आणि माझी दुर्बीण गळ्यात घालून या दोघी त्याच्यासमोर हसत बसल्या होत्या. मला झालेला आनंद मी काय सांगू. मी उरलेलं सँडविच इतक्या चवीने खाल्लं की समोरच्या कलीगने विचारलं, "गुड न्यूज?"

मी उत्तरात लिहिलं, "मस्त फोटो."

घरी नवऱ्याला दाखवलं. तो चष्मा वर-खाली करत म्हणाला, "अरे वा! कळव की तिला."

"आल्यावर सांगीन. समोरासमोर."

तो म्हणाला, "बरं." हा माणूस 'बरं' म्हणतो तेव्हा त्याला सगळं कळलेलं असतं.

त्या परत आल्यावर मी दोघींना रविवारी जेवायला बोलावलं. मसालेभात, मटार उसळ, सुरळीच्या वड्या. सुरळीच्या वड्या मी खास माणसांसाठीच करते. नागपूरकरणीने पहिल्या घासापासून तोंडाचा पट्टा सुरू केला. हत्तीचं पिल्लू आईच्या शेपटीला धरून पोहत होतं, काकू. माकडाने ताईंचं केळं पळवलं, काकू. मग म्हणाली, "आणि काकू, ओटीची गंमत सांगायचीच राहून राहिली!"

माझ्या मैत्रिणीने नदीसाठी ओटी नेली होती. तिच्या आईची पद्धत, नवीन नदी ओलांडली की तिची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ सगळं बॅगेत. बोट एका शांत वळणावर थांबल्यावर हिने नारळ काढला, तर बोटवाला घाबरून ओरडला. पाण्यात काहीही टाकायचं नाही, कायदा आहे, जनावरं त्याच्या मागे बोटीकडे येतात. हिने त्याला समजावून बघितलं, की ही पूजा आहे, नदी आमची आई आहे. तो म्हणाला, मॅडम, नदीत मगरी पण आहेत.

"मग काय करता?" नागपूरकरीण म्हणाली. "ताई हातात नारळ घेऊन बसून राहिल्या, चेहरा असा पडलेला. मी म्हटलं, द्या बा, माझीच भरा. असं लाइफ जॅकेट पुढे धरलं! त्यांनी खरंच भरली. तांदूळ, खण, नारळ. कुंकू पण लावलं. तो बोटवाला बघतच राहिला, आणि मग आम्हाला जे हसू सुटलं ना, काकू! तुम्हाला पाठवलेला फोटो तेव्हाचाच आहे. विधवेने घटस्फोटितेची ओटी भरली, नागपूरला आमच्या आत्याला कळलं तर ती तिथेच आडवी होईल."

माझा नवरा मनापासून हसला. मला हसता आलं नाही. गेली दोन वर्षं माझी मैत्रीण कोणाला कुंकू लावायला पुढे होत नव्हती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिला आग्रहाने बोलवायचे, तीही यायची, वाण घ्यायची, पण करंडा समोर आला की तिला काहीतरी काम आठवायचं. "अगं, लाव ना, मी काही मानत नाही," असं मी कितीदा म्हटलं असेल. आणि तिने लावलं कोणाला?

मग मी सांगून टाकलं. "त्याच फोटोत मागे बिबट्या आहे," मी म्हटलं. अगदी सहज, उसळ वाढता वाढता.

मला वाटलं होतं त्यांचे चेहरे उतरतील. नागपूरकरीण ताट सोडून उठली, उष्ट्या हाताने नाही तर दुसऱ्या हाताने फोन काढला, मोठा करून बघितलं आणि किंचाळली. "काकू! आईशपथ! ताई, बघा! काकूंनी शोधला, घरी बसून! काकू, तुम्ही भारी आहात!" तिने मला मिठी मारली. लगेच कोणाकोणाला तो पाठवायलाही लागली, 'आमच्या काकूंचा बिबट्या' म्हणून. तिच्या मनात तसूभर वाईट नव्हतं. दोन आठवडे जपून ठेवलेला माझा दगड तिने फूल समजून ओंजळीत घेतला.

माझी मैत्रीण मात्र फोनकडे बघत नव्हती. "तुला कधी दिसला?" तिने विचारलं.

"पाठवलास त्याच दिवशी."

"दुसऱ्या दिवशी आम्ही परत तिथेच गेलो होतो," ती म्हणाली. आपलं ताट उचलून आत गेली.

मी तिच्या मागे गेले. ती सिंकपाशी ताट विसळत होती. पाठमोरी असल्यामुळे मला बोलायचा धीर आला. मी म्हटलं, "मला का नाही नेलंस?" आवाज शाळेतल्या मुलीसारखा फुटला. "दोन वर्षं आपण म्हणत होतो. मी नाही म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. तू मला विचारलंसही नाही. मला त्या मुलीचा राग येतो. तू तिच्याबरोबर हसलीस त्याचा येतो. मी मुद्दाम नाही सांगितलं बिबट्याचं, कळलं?"

"कळलं ते," ती म्हणाली. तिने नळ बंद केला, पण वळली नाही. "तुझ्यावर रागावून नाही गं गेले. तू माझ्यासाठी जे केलंस ते कोणी करत नाही. पण आपण थेम्सवर जायचो ना, मोटर बंद करून बसायचो, आणि मला जरा बरं वाटायला लागायचं, की तू मनगटाकडे बघायचीस. तुझी चूक नाही त्यात. तुला घरी जायचं असायचं. जेवायला थांबलेले असायचे. मग आपण बोट वळवायचो, तू तुझ्या घरी जायचीस, आणि मी कुठे जाते ते मला दर वेळी नव्याने कळायचं. त्या मुलीला कुठेच जायचं नव्हतं. मलाही नव्हतं. एकदा तरी मला अशा माणसाबरोबर बसायचं होतं."

मला काहीतरी म्हणायचं होतं. मी घड्याळ घालणार नाही, असलं काहीतरी खुळ्यासारखं तोंडापर्यंत आलंही. पण त्याने काय होणार होतं? तिच्याबरोबर तशी बसायला मला काय गमवावं लागेल हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ते मी गमवावं असं ती कधीच म्हणणार नव्हती.

बाहेरून नवऱ्याची हाक आली. "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास? मला बिबट्या दिसत नाहीये!"

मी हलले नाही. पुन्हा हाक आली, या वेळी जरा मोठ्याने.

"जा ना," मैत्रीण म्हणाली. "बोलावतोय तो."

तिला घरी हाक मारायला कोणी नव्हतं, हे मला दोन वर्षं माहीत होतं. तरीही, खरं तेच सांगते, त्या क्षणी मला तिची कीव आली नाही. मला हेवाच वाटला, त्या दोघींचा, त्या बोटीतल्या जागेचा, जिथे मला कधीच बसता येणार नव्हतं. मी हात पुसले आणि चष्मा शोधायला गेले.